सांधा आणि सांधणारा

दुसऱ्या कोणी हौसेने हाती घेतलेले आणि पुढे काही कारणाने टाकून दिलेले काम पुरे करण्याचा प्रसंग आपणांपैकी बहुतेकांवर कधी ना कधी येतो. कोणी वडिलांनी जोत्यापर्यंत आणून सोडलेले घर पुरे करतो, तर कोणी आधीच्या चिटणिसाने विस्कळीत ठेवलेले मंडळीचे दप्तर लावीत बसतो. अशा कामात एक नैतिक प्रश्न दडलेला असतो आणि त्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. ज्याने काम सुरू केले त्याचे आपण काय देणे लागतो? त्याचे काम चुकलेले आढळले तर त्या चुकीचे काय करावे, आणि त्या माणसाविषयी मनात काय धरावे? ह्या प्रश्नाचा विचार नुसत्या उपदेशाच्या भाषेत केला तर तो हवेत राहतो. म्हणून लोखंड, तेल आणि गंज ह्यांच्याशी संबंध असलेले एक उदाहरण घेऊन तो करावयाचे योजिले आहे.

जबलपूर शहराचा लष्करी मोटारींशी जुना संबंध आहे. तेथील व्हेईकल फॅक्टरी १९६९ साली उभी राहिली, आणि तिच्यातून भारतीय सैन्यासाठी जी वाहने बाहेर पडली त्यांत जोंगा नावाची गाडी विशेष प्रसिद्धी पावली. ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरिज असेंब्ली’ ह्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून तिचे नाव पडले. निस्सान ह्या जपानी कंपनीच्या पॅट्रोल नावाच्या गाडीवरून ती घेतलेली होती. जाड पोलादी चासी, चारही चाकांना मिळणारी ताकद आणि सुमारे चार लिटरचे सहा सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन असा तिचा थाट होता. १९९९ च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. सैन्याने वापरून निकालात काढलेल्या जोंगा लिलावात खाजगी माणसांच्या हाती आल्या, आणि डोंगर, वाळू व ओढे तुडवीत हिंडण्याची हौस असणाऱ्यांनी त्या घरी नेल्या.

घरी नेलेली जोंगा बहुधा जशीच्या तशी राहत नाही. मूळ इंजिन पेट्रोल फार पिते म्हणून मालक तिला डिझेल इंजिन बसवू पाहतो. खडकांतून जाता यावे म्हणून पाटे बदलून गाडी उंच करतो, मोठे टायर चढवितो, मागच्या बाजूस बसण्याची सोय करतो. हे काम बोलण्याइतके सोपे नसते. डिझेल इंजिन अधिक जड असले तर पुढचे पाटे दबतात. गाडी उंच केली की मागच्या हौसिंगकडे जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढतो आणि त्याच्या टोकांचे क्रॉस लवकर झिजतात. ब्रेकच्या नळ्या अपुऱ्या पडतात. एक बदल दुसरा बदल मागतो, दुसरा तिसरा मागतो. मग पैसा संपतो, किंवा घरात आजारपण येते, किंवा बदलीचा हुकूम येतो, किंवा केवळ उत्साह ओसरतो. गाडी चार ठोकळ्यांवर उभी राहते, तिच्यावर ताडपत्री पडते, आणि नट-बोल्टांचे डबे पायऱ्यांखाली गंजत राहतात.

आता एक प्रसंग कल्पून पाहू. जबलपुरातील एका मराठी ख्रिस्ती कुटुंबातला तरुण अशी एक अर्धवट जोंगा विकत घेतो. ज्यांच्याकडून घेतली ते सेवानिवृत्त शिक्षक आहेत. त्याच मंडळीचे सभासद असून दर रविवारी दोन बाके पुढे बसतात. सहा वर्षे त्यांनी संध्याकाळी स्वतःच्या हाताने त्या गाडीवर काम केले होते. तरुण आपल्या अंगणात गाडी आणतो, कामाला लागतो, आणि दोन महिन्यांनी त्याला एक गोष्ट आढळते. मागच्या पाट्याची ब्रॅकेट जेथे चासीला जोडलेली आहे तेथील वेल्डिंग कच्चे आहे.

कच्चे वेल्डिंग म्हणजे काय, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. वेल्डिंगची रेघ वरून नीट दिसू शकते. परंतु लोखंड पुरेसे तापले नसेल तर ती वरच्यावर चिकटून राहते. आतल्या धातूशी एकजीव होत नाही. ग्राइंडरने घासून वर रंग दिला की जाणत्यालाही ती चटकन ओळखता येत नाही. सपाट रस्त्यावर असा सांधा वर्षानुवर्षे टिकेलही. पण ओढ्यातल्या दगडांवर एक चाक अधांतरी झाले, चासीला पीळ बसला आणि मागे चार मुले बसलेली असली, की त्याच क्षणी तो सुटण्याचा संभव असतो. अशा वाहनाची खरी परीक्षा नेमकी ज्या ठिकाणी व्हावयाची, त्याच ठिकाणी हा दोष उघडा पडणार.

येथे त्या तरुणापुढे तीन सोप्या वाटा आहेत, आणि तिन्ही वाटांनी माणसे नित्य जातात.

पहिली वाट तुच्छतेची. कोणताही कारागीर दुसऱ्याचे काम उघडताच बहुधा पहिले वाक्य बोलतो ते असे : “हे कोणी करून ठेवले आहे?” त्या वाक्यात प्रश्न नसतो, निवाडा असतो. तरुण आपल्या मित्रांना बोलावून तो सांधा दाखवील, सगळे हसतील, आणि पुढच्या रविवारी त्या शिक्षकांच्या पाठीकडे पाहताना प्रत्येकाला ते हसू आठवेल. बुरूज बांधू लागलेल्या आणि तो पुरा करू न शकलेल्या मनुष्याचा दाखला प्रभू येशूने दिला आहे (लूक १४). आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, हा त्या दाखल्यातला बोध आपण नेहमी सांगतो आणि तो योग्यच आहे. पण त्या दाखल्यात रस्त्यावर उभे राहून थट्टा करणारे लोकही आहेत. जगात असे घडते एवढेच प्रभू सांगतो. थट्टा करणाऱ्यांच्या रांगेत जाऊन उभे राहा, असे तो शिष्यांना सांगत नाही.

दुसरी वाट झाकण्याची. ती वरवर फार प्रेमळ दिसते. ‘म्हाताऱ्या माणसाचे मन कशाला दुखवावे, वरून आणखी एक रेघ ओढू आणि रंग देऊ.’ यहेज्केल संदेष्ट्याच्या तेराव्या अध्यायात अशांचे चित्र आहे. कोणी तकलादू भिंत उभारतो आणि दुसरे तिला चुना फासतात. पाऊस आणि गारा येतात तेव्हा भिंत पडते, आणि फासणाऱ्यांनाही जाब विचारला जातो. हे ध्यानात घेण्यासारखे आहे. भिंत बांधणारा एक, चुना फासणारा दुसरा, तरी दुसरा निर्दोष सुटत नाही. दुसऱ्याचे काम जो पुरे करतो त्याने त्यातला दोष पाहिला आणि तो झाकला, की तो दोष त्याचा स्वतःचा होतो.

तिसरी वाट आंधळ्या निष्ठेची. ‘ज्यांनी सुरू केले त्यांचा जो बेत होता तोच जसाच्या तसा पार पाडावयाचा, त्यात आपण बोट घालावयाचे नाही.’ ही निष्ठा कुटुंबांत आणि मंडळ्यांत आपण पुष्कळ पाहिली आहे. आधीच्या माणसाने आखले ते पवित्र मानून त्याची चूकही पुढे चालवावयाची. परंतु त्या शिक्षकांना गाडी हवी होती ती कशासाठी? आपल्या माणसांना घेऊन सुखरूप डोंगरात जावे आणि परत यावे, ह्यासाठी. कच्चा सांधा त्यांच्या बेतात असेल, त्यांच्या हेतूत तो कधीच नव्हता. बेताशी निष्ठा राखून हेतूचा घात करणे ही निष्ठा नव्हे.

मग योग्य वाट कोणती? माझ्या मते ती एका भेदावर उभी आहे. सांध्याचा न्याय केलाच पाहिजे. सांधणाऱ्याचा न्याय आपल्या हाती नाही.

सांध्याचा न्याय ही दयेची बाब नाही. लोखंड किती तापले होते, ह्याला दुसरे उत्तर नसते. तो सांधा घासून उघडा केला पाहिजे, जुने वेल्डिंग पूर्णपणे काढून कडांना उतार दिला पाहिजे, पुन्हा खोलवर भरले पाहिजे, आणि गरज असल्यास वर पोलादी पट्टी जोडली पाहिजे. स्वतःच्या हाताची खात्री नसेल तर जाणत्या वेल्डरला बोलावून पैसे मोजले पाहिजेत. त्या एका दोषावरून बाकीचे सगळे सांधेही तपासले पाहिजेत. येथे हात सैल सोडणे म्हणजे मागे बसणाऱ्या मुलांच्या जिवावर आपली सभ्यता मिरविणे होय.

सांधणाऱ्याचा न्याय मात्र वेगळी गोष्ट आहे. तो सांधा कच्चा का राहिला, हे लोखंड सांगत नाही. कदाचित त्या शिक्षकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत असेल आणि काळ्या काचेतून त्यांना वितळलेला धातू नीट दिसत नसेल. कदाचित वीज कमी दाबाने येत असेल. कदाचित आत पत्नी अंथरुणाला खिळलेली असेल, आणि हातातले काम लवकर आटोपून त्यांना उठावयाचे असेल. येथे कोणी म्हणेल, ‘कदाचित ते नुसते निष्काळजीही असतील!’ असतील. तरीही भेद कायम राहतो. समोरच्या पुराव्यावरून आपल्याला एवढेच म्हणता येते की हे काम चुकले. हा माणूस असाच आहे, असे म्हणण्यास लागणारा पुरावा चासीवर कोरलेला नसतो.

प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात हाच भेद मोठ्या गंभीरपणे केला आहे. एकाने पाया घातला, दुसरा त्यावर बांधतो. आणि प्रत्येकाचे काम कसे आहे हे अग्नी पारखून दाखवील, असे तो म्हणतो. ज्याचे काम जळून जाईल त्याचा तोटा होईल, पण तो स्वतः तारला जाईल, जणू आगीतून बाहेर पडावा तसा. पौल येथे कामाच्या बाबतीत तसूभरही सवलत देत नाही. अग्नीची परीक्षा म्हणजे परीक्षाच. तथापि काम जळाले म्हणून माणूसही त्याबरोबर जळाला पाहिजे, हे तो मान्य करीत नाही. दुसऱ्याचे काम पुरे करणाऱ्याला ह्याहून नेमके मार्गदर्शन कोठे मिळणार?

आणि हा भेद स्वतः पौलालाही शिकावा लागला असावा, असे मला वाटते. पहिल्या सुवार्ताफेरीत पिर्गा येथे योहान मार्क त्यांना सोडून यरुशलेमेस परत गेला. का गेला, हे प्रेषितांच्या कृत्यांत सांगितलेले नाही. पुढे बर्णबा त्याला पुन्हा सोबत घेऊ लागला तेव्हा पौलाने साफ नकार दिला. अर्ध्यावर काम टाकणाऱ्याला बरोबर नेणे त्याला योग्य वाटेना. मतभेद इतका तीव्र झाला की ते दोघे एकमेकांपासून वेगळे झाले. पण तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी तोच पौल मार्काला घेऊन ये म्हणून सांगतो, कारण तो सेवेसाठी उपयोगी आहे. पिर्ग्याला टाकलेले काम टाकलेलेच होते. ते कोणी पुसले नाही. पुसला गेला तो त्यावरून मनुष्याविषयी केलेला निवाडा.

आता त्या तरुणाकडे पुन्हा वळू, कारण त्याच्यापुढचा खरा कठीण क्षण अंगणात यावयाचा नाही, चर्चच्या दाराशी यावयाचा आहे. उपासना संपल्यावर ते शिक्षक त्याला विचारतील, “काय रे बाळा, गाडी कुठवर आली?” त्या प्रश्नात सहा वर्षांची आशा आहे. ‘चालले आहे, सर’ असे म्हणून वेळ मारून नेणे सोपे आहे. पण ते शिक्षक आणखी कोणाला वेल्डिंग करून देत असतील तर? आणि तसे नसले, तरी ज्या माणसाने सहा वर्षे दिली त्याला आपल्या कामाची खरी हकीकत कळण्याचा हक्क नाही काय? म्हातारपणी माणसाला गोड खोटे सांगणे म्हणजे त्याला हिशेबातून वगळणे होय.

तेव्हा त्याने सांगावे : “सर, मागच्या पाट्याच्या ब्रॅकेटचा सांधा मी काढून पुन्हा केला, तो आतपर्यंत धरला नव्हता. इंजिन मात्र तुम्ही इतके अचूक बसविले आहे की मला तिकडे हात लावावा लागला नाही.” ही दोन्ही वाक्ये खरी असली पाहिजेत. दुसरे वाक्य पहिल्यावर साखर म्हणून घालावयाचे नाही. ज्याने सहा वर्षे काम केले त्याच्या कामात चांगले काही सापडले नाही, असे सहसा होत नाही. सापडले नसेल तर आपण नीट शोधले नाही, असेच समजावे. आणि हे बोलणे त्या दोघांत व्हावे. मित्रांच्या कोंडाळ्यात ते सांगितले तर तेच सत्य थट्टा होऊन बसते.

ह्याशिवाय आणखी काही देणी आहेत. गाडी पुढे विकली तर घेणाऱ्याला चासीवर कोठे काय केले आहे ते सांगितले पाहिजे. आधीच्या मालकाच्या अब्रूच्या नावाखाली ते लपविता येणार नाही. सरकारचेही देणे आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम वाहनातील फेरफारांविषयी आहे, आणि निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. इंजिन बदलावयाचे तर नोंदणी अधिकाऱ्याची संमती लागते. आधीच्या माणसाने ती घेतली नव्हती, ही सबब नव्या मालकाला उपयोगी पडत नाही. अर्धवट काम घेताना त्याचे अपुरे कागदही आपण पदरात घेतलेले असतात. हा सगळा हिशेब मांडल्यावर कधी असेही दिसेल की गाडी पुरी न करता तिचे सुटे भाग गरजवंतांना देणेच शहाणपणाचे आहे. तसा निर्णय प्रामाणिकपणे घेतला तर त्यातही मूळ माणसाचा अपमान नाही. बुरुजाच्या दाखल्यातला हिशेब दुसऱ्या बांधणाऱ्यालाही लागू आहे.

सुरू करणाराची बाजू पाहावयाची असेल तर पहिल्या इतिहासाचा बाविसावा अध्याय वाचावा. मंदिर बांधण्याची इच्छा दाविदाला होती; ते बांधणे त्याच्या वाट्याला आले नाही. तरी त्याने दरवाजांच्या खिळ्यांसाठी आणि सांध्यांसाठी पुष्कळ लोखंड जमा करून ठेवले, गंधसरूचे ओंडके आणि पितळ साठविले, आणि शलमोनाला सांगितले की ह्यात तुलाही भर घालता येईल. जो माणूस दुसऱ्याच्या हाती काम देताना भर घालण्याची मोकळीक देतो, त्याचे काम पुरे होण्याची आशा अधिक. नट-बोल्टांच्या डब्यांवर चिठ्ठ्या लावून ठेवणे, तारा कोठून कोठे जातात ते एका वहीत लिहून ठेवणे, ‘हा सांधा मी घाईत केला आहे, पाहून घे’ असे घेणाऱ्याला सांगणे, ह्या लहान गोष्टी आहेत. पण मागून येणाऱ्यावर प्रीती करण्याची ती फार व्यावहारिक रीत आहे.

आपल्या मराठी ख्रिस्ती घरांना ह्या बाबतीत एक थोर उदाहरण लाभले आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ साली निवर्तले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अगदी आरंभीच्या अध्यायांत थांबलेले होते. ते पुढे नेण्याचे काम लक्ष्मीबाईंनी हाती घेतले. ज्यांना शाळेचे शिक्षण असे फारसे मिळाले नव्हते त्या बाईंनी साठाहून अधिक अध्याय रचले. १९३६ साली त्याही गेल्या, आणि ग्रंथ प्रसिद्ध झाला तो १९३८ साली. टिळकांचा वाटा कोठवर आणि लक्ष्मीबाईंचा कोठून, हे आज वाचकाला ठाऊक आहे, आणि त्यामुळे दोघांपैकी कोणाचाही मान उणा झालेला नाही. सांधा दिसतो आहे आणि सांधा पक्का आहे. कामाला ह्याहून अधिक काय हवे?

एकामागून एक येणाऱ्या पाळकांनी, पंचांनी, खजिनदारांनी आणि शाळांच्या मुख्याध्यापकांनी हा भेद जपला तर मंडळीतील पुष्कळ कडवटपणा कमी होईल. नव्या पाळकाने आल्या आल्या जुन्याच्या चुका व्यासपीठावरून सांगू नयेत, आणि जुन्याच्या प्रेमापोटी हिशेबातली तूट झाकूनही ठेवू नये. तूट आहे तेथे तूट लिहावी, ती भरून काढावी, आणि जो गेला त्याच्या अंतःकरणाचा हिशेब ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेच राहू द्यावा.

कारण सर्व कामे पुरी करून ह्या जगातून गेलेला माणूस आपण पाहिलेला नाही. आज जो दुसऱ्याची गाडी पुरी करीत आहे तोही काहीतरी ठोकळ्यांवर ठेवूनच जाणार आहे. त्याच्यामागून येणारा त्याचे सांधे घासून पाहील. आणि त्याने ते पाहावेतच. आपण मागून आलेल्याच्या जागी असताना ज्या मापाने मोजले, त्याच मापाने आपल्याला मोजले जाईल, हे प्रभूने आपल्याला आधीच सांगून ठेवले आहे.